दातवण, मंजन आणि दवाखाना

सुश्रुताने दंतधावनासाठी चार झाडे श्रेष्ठ म्हणून निवडली आहेत : कडू रसाच्या झाडांत कडुनिंब, तुरटांत खैर, गोडांत मोह आणि तिखटांत करंज. ही नावे वाचताना आदिलाबादच्या मराठी वाचकाला आपल्याच शिवाराची आठवण व्हावी, इतकी ती येथली आहेत. पैनगंगेच्या काठच्या गावांत दारापुढे निंब असतो, ओढ्याकाठी करंज असतो, आणि उटनूर-आसिफाबादच्या डोंगराळ रानात मोह व खैर यांची वाण कधी नव्हती. काडीचे मापही ग्रंथात दिलेले आहे : लांबी बारा अंगुळे, जाडी करंगळीएवढी, सरळ, बिनगाठीची, न किडलेली. त्यापुढे आणखी एक सूचना येते. प्रत्येक दात वेगवेगळा घासावा, कुंचला मऊ असावा आणि हिरडीच्या मांसाला इजा होऊ देऊ नये. चरकाने जीभ घासण्याची पट्टी सोन्याची, रुप्याची किंवा तांब्याची सांगितली आहे. आजचा दंतवैद्य खुर्चीत बसलेल्या रुग्णाला मऊ ब्रश आणि हलका हात यांचेच महत्त्व पटवून देत असतो.

परंतु ग्रंथात आहे म्हणून घरात होते, असे मानण्याची घाई करू नये. आमच्या मुलखातल्या शेतकरी घरांतून पिढ्यान्‌पिढ्या जे चालत आले ते प्रामुख्याने राखुंडीचे राज्य होते. गोवरीची राख, चुलीतला कोळसा, खडे मीठ, क्वचित विटेची भुकटी, आणि ही सर्व तर्जनीने खसाखसा घासण्याची रीत. कोळशाने दात शुभ्र दिसतात यात खोटे काही नाही. मात्र तो शुभ्रपणा वरचे लुकण झिजवून मिळालेला असतो. लुकण पुन्हा उगवत नाही. जुन्या माणसांच्या दातांच्या मानेशी, हिरडीला लागून, आडवी खाच पडलेली पुष्कळांनी पाहिली असेल. तिला वयाचा दोष म्हणण्याची पद्धत आहे. ती बहुतांशी राखुंडीची आणि दांडग्या हाताची निशाणी असते.

धर्मशास्त्रकारांनीही या विषयात लक्ष घातले होते. प्रतिपदा, अमावास्या, श्राद्धाचा दिवस अशा काही तिथींना काष्ठाने दात घासू नयेत, त्याऐवजी बारा चुळा भराव्यात, असा निर्णय निबंधग्रंथांतून आढळतो. उलट ऋषिपंचमीला स्त्रियांनी आघाड्याच्या काड्यांनी दंतधावन करण्याचे व्रत आहे आणि ते आपल्या घरांतून आजही पाळले जाते. चूळ भरण्याला जो मान दिला आहे तो मात्र विचारपूर्वक दिलेला दिसतो. जेवणानंतर खळखळून चूळ भरण्याची सवय आपल्या समाजात लहानपणीच लागते. दंतवैद्यकाच्या दृष्टीने ती अतिशय मोलाची आहे, आणि लग्नमंडपातून वाढप्यांची पंगत जाऊन उभ्याने जेवणे आले तशी ती नाहीशी होऊ लागली आहे.

आता दातवण या शब्दाकडे वळू. नव्या वाचकाला दातवण म्हणजे दात घासण्याची काडी वाटेल, आणि तसा अर्थ आहेही. पण जुन्या मराठीत दातवण म्हणजे स्त्रियांनी दातांना लावण्याची काळी पूड. हिराकस, मायफळ आणि हिरडा यांच्यापासून ती करीत. हिराकस म्हणजे लोहाचा क्षार. मायफळ आणि हिरडा यांत तुरट द्रव्य भरपूर असते. दोहोंचा संयोग झाला की गडद काळा रंग तयार होतो. जुन्या कारकुनांची शाईसुद्धा याच दोन वस्तूंच्या संयोगाने होत असे. म्हणजे दप्तरात जी शाई पुरुषाच्या बोरूला लागे, तीच शाई घरातल्या सुवासिनीच्या दाताला लागत असे, असे म्हटले तर ते केवळ चमत्कृतीचे वाक्य होणार नाही. विधवेला हे लेणे वर्ज्य होते. जपानातही विवाहित स्त्रिया लोह आणि तुरट द्रव्य यांच्याच मिश्रणाने दात काळे करीत; १८७० साली तेथील सरकारने सरदार-घराण्यांना ही चाल सोडण्याचा हुकूम काढला. आपल्याकडे हुकूम कोणी काढला नाही. शिक्षण आले, शहरी फॅशन आली, पांढरे दात सुंदर ठरले आणि दातवण आपोआप मागे पडले.

मागे पडले, पण त्याची जागा रिकामी राहिली नाही. ती मिश्रीने घेतली, आणि या साऱ्या इतिहासात अधिक दुःखाची गोष्ट माझ्या मते हीच आहे. दातवणाने दात रंगत. मिश्रीने माणूस बांधला जातो. तव्यावर तंबाखू जाळून केलेली ही पूड दाढदुखीवर उपाय म्हणून प्रथम बोटाला लागते. दुखणे थोडे बधिर होते, बरे वाटते, आणि दाढ गेल्यावरही मिश्री राहते. सकाळी, दुपारी भांडी घासून झाल्यावर, रात्री निजण्यापूर्वी, अशी दिवसातून चार वेळा. घरातल्या मोठ्या बाईने लावलेली मिश्री तंबाखूत मोजली जात नाही, कारण ती दात घासणे या नावाखाली येते. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील दंतसंशोधन विभागाने डॉ. फली मेहता यांच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्रातील १,०१,७६१ खेडुतांची तोंडे तपासली आणि ते निष्कर्ष १९७२ साली प्रसिद्ध केले. ग्रामीण स्त्रियांमधील मिश्रीची सवय आणि तोंडात उमटणारे पांढरे चट्टे यांची शास्त्रीय नोंद अशा पाहण्यांतून झाली. पुढे १९९२ साली केंद्र सरकारने दंतमंजनात आणि टूथपेस्टमध्ये तंबाखू घालण्यास बंदी केली, आणि १९९७ साली सर्वोच्च न्यायालयाने ती बंदी उचलून धरली. कारखान्यातल्या डब्यावर कायदा चालतो. घरच्या तव्यावर तो चालत नाही.

डब्यांचा विषय निघालाच आहे. आदिलाबादच्या जुन्या मराठी घरातील देवळीत दात घासण्याच्या ज्या वस्तू असत, त्यांवरून या जिल्ह्याचे सगळे राजकीय व सांस्कृतिक स्थान सांगता येईल. मुंबईहून आलेले नोगी कंपनीचे माकडछाप काळे दंतमंजन तेथे असे. नागपूरच्या वाटेने आलेले बैद्यनाथचे लाल दंतमंजन असे. आणि हैदराबादचे फारूकी टूथ पावडर असे. ते काढणारा कारखाना झिंदा तिलिस्मातचा. हकीम मोइज़ुद्दीन फारूकी यांनी तो १९२० साली स्थापन केला, आणि त्याची ती छोटी बाटली सर्दीपासून दाढदुखीपर्यंत सर्व दुखण्यांवर चालत असे. निजामी अमलात युनानी वैद्यकाला राजाश्रय होता. त्यामुळे सोवळ्यातल्या घरातही हकिमाचे औषध निःशंकपणे घेतले जाई, याचे नागपूर-पुण्याच्या पाहुण्यांना नवल वाटे. आम्हांला वाटत नसे.

व्हिको कंपनीचे संस्थापक केशव विष्णू पेंढरकर हे मूळचे नागपूरकडचे. मुंबईला जाऊन १९५२ साली त्यांनी जो उद्योग उभारला त्याचा आरंभ वज्रदंती या चूर्णाने झाला. कोलगेट तर १९३७ पासूनच भारतात होते. १९५२ साली रेडिओ सिलोनवर सुरू झालेल्या गीतमालेने बिनाका या टूथपेस्टचे नाव जेथे टूथपेस्ट पोहोचली नव्हती तेथेही पोहोचवले. गंमत अशी की हे मंजन औषध की प्रसाधन, हा प्रश्न अबकारी खात्याने न्यायालयात नेला, आणि तो वाद दीर्घकाळ चालला. बैद्यनाथच्या लाल दंतमंजनाविषयी सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली आणि पुन्हा २००९ साली असा निर्णय दिला की सामान्य ग्राहक त्याकडे औषध म्हणून पाहत नाही, दात घासण्याची रोजची पूड म्हणून पाहतो. व्हिकोच्या उत्पादनांना मात्र त्याच न्यायालयाने औषध मानले. कायद्याची बाजू कायदेपंडितांनी पाहावी. आरोग्याच्या बाजूने एवढेच म्हणता येते की दात किडण्यापासून वाचवण्याचा सर्वांत भक्कम पुरावा आहे तो फ्लोराइडयुक्त पेस्टचा, आणि पूड बोटाने लावली की ती दातांच्या फटींत पोहोचत नाही. नावात वज्र असल्याने दात वज्राचे होत नाहीत. निंबाची काडी मऊ चावून, हलक्या हाताने, वेळ देऊन वापरली तर तिची निंदा करण्याचे कारण नाही. ती रोज नवी असते, हा तिचा जुन्या झिजलेल्या ब्रशापेक्षा मोठा गुण आहे. पण फ्लोराइड तिच्यात नाही, आणि दाढांच्या मागच्या बाजूला ती जात नाही.

दाताला कीड लागली असे आपण म्हणतो. या शब्दप्रयोगामागे खरोखरीची अळी आहे, असा समज जगभर होता. आयुर्वेदात दंतकृमी आहे, बाबिलोनच्या मातीच्या विटांवर दातातल्या किड्याची कथा कोरलेली आहे. जत्रेत आणि बाजारात दातातली कीड काढून देणारी माणसे फिरत असत. भुईरिंगणीचे बी निखाऱ्यावर टाकून त्याचा धूर नळीने तोंडात घ्यावयाचा आणि मग पाण्यात पडलेल्या पांढऱ्या अळ्या रुग्णाला दाखवायच्या, असा तो प्रकार. युरोपात हाच खेळ खुरासनी ओव्याच्या बियांनी चाले, आणि उष्णतेने फुटलेल्या बीजातील पांढरे अंकुर हेच ते किडे, हे तेथील जाणत्यांनी ओळखले होते. आमच्याकडच्या अळ्यांचे रहस्यही याहून निराळे असण्याचे कारण दिसत नाही. फ्रान्समधील पिएर फोशार याने १७२८ साली प्रसिद्ध केलेल्या दंतवैद्यकावरील ग्रंथात किड्याची कल्पना नाकारली. १८९० साली मिलर या संशोधकाने तोंडातील सूक्ष्मजंतू साखर व पिष्ट यांपासून आम्ल तयार करतात आणि ते आम्ल दात विरघळवते, हे दाखवले. आपल्या जुन्या घरांत पाहुण्याला गूळपाणी मिळे, साखर सणासुदीला दिसे. आता दिवसातून चार वेळा गोड चहा आणि त्यासोबत दातांना चिकटून राहणारे बिस्किट असते. किती गोड खाल्ले यापेक्षा कितीदा खाल्ले यावर दाताचे भवितव्य अवलंबून असते, हे मिलरच्या सिद्धान्तातून सरळ निष्पन्न होते.

दात उपटण्याचे काम गावात न्हावी, वैदू किंवा एखादा धाडसी गृहस्थ करी. त्यासंबंधी एक समज आपल्या घराघरांतून अद्याप ऐकू येतो : वरचा दात काढला की डोळा जातो. डॉक्टर या समजुतीला हसतात. हसण्यापूर्वी सुश्रुत उघडून पाहावा. वरचा दात हलत असला तरी वैद्याने तो काढू नये, कारण रक्तस्राव अतोनात होऊन रोगी काणा होतो किंवा त्याचे तोंड वाकडे होते, असे तेथे स्पष्ट सांगितले आहे. जंतुनाशक नाही, टाका नाही, भूल नाही, अशा काळात वरच्या जबड्यातील पू डोळ्याच्या खोबणीपर्यंत पसरणे अशक्य नव्हते, आणि अशा एखाद्या दुर्दैवी प्रसंगाचा दोष दाताच्या ऐवजी दात काढण्यावर गेला असावा. म्हणजे समजुतीच्या मुळाशी निरीक्षण असावे, असे मला वाटते. त्यावरून काढलेला अर्थ मात्र उलटा झाला. आज डोळ्याला धोका आहे तो वरचा सडका दात पाळून ठेवण्यात.

वेदनेच्या भयावर उतारा शोधण्यात आपल्या जुन्या राजधानीचा मोठा वाटा आहे, आणि तो आपल्याला सहसा ठाऊक नसतो. १८४४ साली होरेस वेल्स आणि १८४६ साली विल्यम मॉर्टन या दोघा अमेरिकन दंतवैद्यांनी वायू आणि ईथर यांचे प्रयोग केले, तेव्हापासून भूल देण्याचे युग सुरू झाले. क्लोरोफॉर्म सुरक्षित आहे काय, हा वाद पुढे पेटला तेव्हा त्याचा निवाडा करण्यासाठी निजामाच्या खर्चाने हैदराबादेत १८८८ आणि १८८९ साली दोन आयोग बसले. सर्जन एडवर्ड लॉरी हे त्यांचे सूत्रधार होते. त्यांच्याच हाताखाली शिकलेल्या रूपाबाई फरदूनजी या पारशी महिला जगातील भूल देणाऱ्या आद्य स्त्री-डॉक्टरांत गणल्या जातात. आयोगाचे निष्कर्ष पुढे टिकले नाहीत, हा भाग वेगळा. हैदराबादचे नाव मात्र जगभरच्या वैद्यकीय नियतकालिकांत गेले.

दंतवैद्यकाचे रीतसर शिक्षण आपल्या देशात उशिरा आले. डॉ. रफीउद्दीन अहमद यांनी १९२० साली कलकत्त्यात पहिले दंत महाविद्यालय काढले. मुंबईत नायर रुग्णालयाचे दंत महाविद्यालय १९३३ साली निघाले. १९४८ च्या दंतवैद्यक कायद्याने नोंदणी सुरू झाली. तिच्यात दोन भाग होते. पदवीधर एका भागात, आणि पदवी नसताना पाच वर्षे धंदा करीत आलेले अनुभवी दुसऱ्या भागात. या दुसऱ्या भागातील मंडळींनी, कवळ्या बसवणाऱ्या आणि दात काढणाऱ्या कारागिरांनी, लहान शहरांची गरज कित्येक वर्षे भागवली, हे उपहास न करता नोंदवले पाहिजे. हैदराबादचे सरकारी दंत महाविद्यालय १९५९ साली, नागपूरचे १९६८ साली निघाले. पहिले आदिलाबादपासून सुमारे ३०० किलोमीटरवर, दुसरे सुमारे २०० किलोमीटरवर.

या अंतरांना १ नोव्हेंबर १९५६ या दिवसाने निराळाच अर्थ दिला. राज्यपुनर्रचनेत राजुरा आणि किनवट हे तालुके आणि बोथ तालुक्यातील इस्लापूर मंडळ मुंबई राज्याकडे गेले. उलट नांदेड जिल्ह्याच्या मुधोळ तालुक्यातील मुधोळ, भैंसा आणि कुबीर ही मंडळे आपल्याकडे आली. एकाच घराण्याच्या दोन शाखा दोन राज्यांत पडल्या. कागदोपत्री आपली दाढ हैदराबादची झाली, आणि पाय मात्र नागपूर, यवतमाळ, नांदेडकडे वळत राहिले. पुढे वर्ध्याजवळ सेवाग्राम आणि सावंगी येथील रुग्णालये त्या वाटेवर आली. २००८ साली आदिलाबादेत रिम्स सुरू झाल्यावर जिल्ह्याच्या गावीच मोठे सरकारी रुग्णालय आले. तरीही दातासाठी सरकारी दवाखान्यात जाणे म्हणजे दात काढून घेणे, असे समीकरण पुष्कळांच्या मनात पक्के बसलेले आहे. त्याला कारण आपणच आहोत. दुखणे शेवटच्या टोकाला गेल्याशिवाय आपण जात नाही, आणि त्या अवस्थेत काढण्याखेरीज वैद्याच्या हाती फारसे उरत नाही. बैल लंगडला तर त्याच दिवशी दाखवणारा शेतकरी स्वतःची दाढ सुगी संपेपर्यंत लवंगेवर काढतो.

लवंगेची निंदा नको. तिच्या तेलातील द्रव्य दंतवैद्य स्वतःच्या तात्पुरत्या भरणीत वापरतो. लवंग दुखणे निजवते, कीड थांबवत नाही. एवढा भेद ध्यानी असला म्हणजे पुरे.

आता पाण्याविषयी. पैनगंगेच्या दोन्ही तीरांवरील काही गावांत मुलांचे पुढचे दात पिवळट-तपकिरी, कधी खडूसारखे पांढरे ठिपके पडलेले दिसतात. अशा मुलांना घाणेरडी म्हणून हिणवले जाते. मुलीचे लग्न ठरताना तिला हसू नकोस म्हणून बजावले जाते. दोष त्यांच्या घासण्याचा नसतो, पाण्यातील फ्लोराइडचा असतो. अमेरिकेतील कोलोरॅडो स्प्रिंग्ज गावी १९०१ साली तरुण दंतवैद्य फ्रेडरिक मॅके याला असेच डागाळलेले दात दिसले. त्याचे कारण सापडायला १९३१ साल उजाडले. भारतात या रोगाची नोंद १९३७ साली मद्रास इलाख्यातील नेल्लोर भागातून झाली आणि पुढे नलगोंडा जिल्हा त्यासाठी कुप्रसिद्ध झाला. आपल्या परिसरात यवतमाळचे केळापूर व झरी जामणी, नांदेडचे किनवट हे भाग त्या नकाशावर आहेत. बासर परिसरातील भूजलाचा अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला, त्यात काही नमुन्यांत लिटरमागे ४ मिलिग्रॅमहून अधिक फ्लोराइड आढळले. सुरक्षिततेची मर्यादा १.५ मिलिग्रॅमची आहे.

यातील दैवदुर्विलास समजून घेण्यासारखा आहे. पूर्वी आपण विहिरीचे आणि नदीचे पाणी पीत होतो. त्यातून पटकी आली, नारू आला. १९७२ च्या दुष्काळानंतर दख्खनमध्ये खोल विंधणविहिरींचा सपाटा सुरू झाला. सोलापूर भागात घडलेल्या हातपंपाच्या नमुन्यावरून तयार झालेला इंडिया मार्क टू पंप गावोगाव बसला. त्या पाण्याने लक्षावधी जीव वाचवले, आणि नारूचे उच्चाटन होण्यास ते एक कारण झाले. परंतु काळ्या पाषाणाऐवजी जेथे खाली ग्रॅनाइटचा थर आहे तेथे खोलवरचे पाणी त्या दगडातील फ्लोराइड घेऊन वर आले. पाणी जितके खोल, तितका दगडाशी त्याचा सहवास अधिक. दाताचे लुकण तयार होत असते ते वय जन्मापासून आठ वर्षांपर्यंतचे. तेवढ्या काळात पोटात गेलेले फ्लोराइड दातावर कायमचे लिहिले जाते. हेच द्रव्य अल्प प्रमाणात दाताला बळकटी देते, म्हणून पेस्टमध्ये घालतात. चुना आणि तुरटी वापरून पाण्यातील फ्लोराइड काढण्याची जी पद्धत नलगोंडा तंत्र म्हणून जगात ओळखली जाते, ती १९७० च्या दशकात नागपूरच्या नीरी संस्थेने विकसित केली. नाव तेलुगू मुलखाचे आणि प्रयोगशाळा मराठी मुलखातली, अशी ही जोडी आम्हां सीमेवरच्यांना विशेष जवळची वाटावी. तेलंगणात २०१६ साली मिशन भगीरथ सुरू झाल्यावर नद्यांचे शुद्ध केलेले पाणी नळाने येऊ लागले. ज्यांच्या घरी नळ आला असूनही चवीसाठी जुन्या बोअरचेच पाणी भरले जाते, त्यांनी निदान नातवंडांसाठी नळाचे भरावे. डागाळलेल्या दातांवर आज उपचार आहेत. हसू न देणे हा उपचार नव्हे.

खर्रा हा विषय थोडक्यात आटोपतो, कारण तो लिहून संपणारा नाही. सुपारी, तंबाखू आणि चुना प्लॅस्टिकच्या कागदात घोटून तयार होणारी ही वस्तू वऱ्हाड-चांद्याकडून आली आणि आपल्या चौकाचौकांत स्थिरावली. महाराष्ट्राने २०१२ साली आणि तेव्हाच्या संयुक्त आंध्रने २०१३ साली गुटख्यावर बंदी घातली. पुडी गेली, घोटणे राहिले. सुपारीने गालाच्या आतील अस्तर ताठ होत जाते आणि तोंड उघडेनासे होते. या विकाराचे वर्णन १९५३ साली मुंबईचे डॉ. एस. जी. जोशी यांनी केले, त्याच्या एक वर्ष आधी केनियातील भारतीय स्त्रियांत तो दिसला होता. तंबाखूवाचून नुसती सुपारीही कर्करोगकारक आहे, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगसंस्थेने २००४ साली प्रसिद्ध केले. घरच्या घरी परीक्षा सोपी आहे. आपली तीन बोटे उभी एकावर एक धरून तोंडात जातात काय, हे पाहावे. तिखट भाजी अचानक झोंबू लागली, किंवा तोंडातला चट्टा दोन आठवड्यांत गेला नाही, तर मंजन बदलत बसू नये, दवाखाना गाठावा.

दवाखान्यात गेल्यावर काय, हाही आपल्या लोकांचा प्रश्न आहे. दात साफ करून घेतले की सैल होतात, असे ठामपणे सांगणारे पुष्कळ आहेत. खरी गोष्ट अशी की हिरडीखाली साचलेल्या किटणाने हाड आधीच झिजलेले असते आणि त्या किटणाच्याच आधाराने दात उभे असतात. आधार निघाला की आधीची पडझड दिसते. दुधाचे दात पडायचेच आहेत, म्हणून त्यांच्या किडीकडे दुर्लक्ष होते. पडलेला दात कौलावर फेकून उंदराकडे नवा मागण्याची आपली प्रथा गोड आहे, पण सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या दातांच्या मागे जी पहिली मोठी दाढ येते ती कायमची असते. तिला दुधाची समजून गमावलेली मुले कमी नाहीत. मधुमेह असेल तर हिरड्या लवकर बिघडतात आणि बिघडलेल्या हिरड्यांमुळे साखर आटोक्यात राहत नाही, म्हणून दंतवैद्याला मधुमेह प्रथम सांगावा. रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असतील तर त्यांची चिठ्ठी सोबत न्यावी. त्या स्वतःच्या मनाने बंद करू नयेत. दात काढण्यापूर्वी तो वाचवता येईल काय आणि खर्च किती, हे विचारण्याचा संकोच नसावा. आणि कवळी रात्री काढून स्वच्छ पाण्यात ठेवावी, हे सांगूनही ऐकले जात नाही.

आपली खरी अडचण भाषेची आहे, आणि ती घरातल्या वृद्ध स्त्रियांना अधिक जाणवते. दुखण्याचे प्रकार सांगण्यात मराठी फार श्रीमंत आहे. आंबटाने दात आंबतात. गार पाण्याने शिवशिवतात. घास चावताना एकदम सणक येते. रात्रभर ठणका लागतो. हे चार शब्द म्हणजे चार वेगळी निदाने आहेत. शिवशिवणे हे लुकण झिजल्याचे, आणि आपोआप उठणारा रात्रीचा ठणका हा दाताच्या शिरेपर्यंत बिघाड पोहोचल्याचे लक्षण असते. तेलुगू डॉक्टरपुढे आजीबाई हिंदीचा आधार घेतात तेव्हा या चारांचे एकच होते : दर्द है. मग डॉक्टर बोट ठेवलेला दात पाहतो, आणि ठणका कधी उठतो हे त्याला कळतच नाही. सोबत जाणाऱ्या सुनांनी आणि नातवंडांनी दोन-तीन शब्द पाठ ठेवले तर हे टळेल. तेलुगूत ठणक्याला पोटु म्हणतात, गाराने शिवशिवण्याला जिव्वुमनडम्, आणि हिरडी सुजली असेल तर चिगुळ्ळ वापु.